समाजमंदिराच्या धुराचा हिशेब

वास्तुशास्त्राची पदवी घेऊन मी सांगलीतल्या एका लहान ऑफिसात लागले, तेव्हा सरांना धरून आम्ही चौघंच होतो. पहिलं वर्ष दुसऱ्यांचे नकाशे गिरवण्यात गेलं. मग सर पुण्याला कुठल्याशा व्याख्यानाला जाऊन आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर एक कोरी वही ठेवली.

"सिमेंट किती, विटा किती, हे आपण लिहितो," ते म्हणाले. "पण त्या तयार करायला कुठं किती जळलं, हे कुणी लिहीत नाही. तो कार्बन हवेतच राहतो. पुढच्या कामापासून तू लिही. आणि कमी कसा करायचा तेही शोध."

पुढचं काम माण तालुक्यातलं होतं. दहिवडीपलीकडच्या एका गावात बौद्ध वस्तीचं समाजमंदिर बांधायचं होतं. विटा कृष्णाकाठच्या भट्ट्यांवरून जाणार होत्या, म्हणून मी आधी भट्ट्यांवर गेले. लाख विटांना कोळसा किती लागतो, एवढंच विचारायचं होतं. एका मालकानं आकडा सांगितला, दुसऱ्यानं त्याच्या दुप्पट. तिसऱ्याला मी सरकारी वाटले. त्यानं चहा पाजला आणि भट्टी बंद आहे म्हणाला. त्याच्या पाठीमागं धूर निघत होता.

शेवटी विटा वाहणारी एक बाई थांबून म्हणाली, "आवं बाई, मालकास्नी काय इचारताय? कोळशाच्या टोपल्या मोजा की."

मी दोन दिवस तिथं बसून टोपल्या मोजल्या. एक टोपली वजनकाट्यावर घातली. लॉरीवाल्याकडून डिझेलचा अंदाज घेतला. सिमेंटच्या एका कारखान्याला पत्र पाठवलं, तर उत्तरादाखल कॅलेंडर आलं. सिमेंटचा आकडा सरांनी कुठल्याशा संशोधन अहवालातून काढून दिला. सगळी बेरीज झाली तेव्हा दिसलं, की या इमारतीचा सगळ्यात मोठा धूर विटांचा होता. आधी भट्टीचा, मग नदीकाठापासून माणपर्यंतच्या फेऱ्यांचा. जागेवरच्याच मातीत थोडं सिमेंट मिसळून हातयंत्रानं ठोकळे दाबले, तर भाजायचा आणि वाहायचा प्रश्नच उरत नव्हता.

हे सांगायला मी मोठ्या उत्साहानं वस्तीत गेले. समितीचे प्रमुख मुंबईच्या गिरणीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे काका होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे मातीचं," ते म्हणाले.

"तशी माती नाही काका, दाबलेली, सिमेंट घालून..."

"बाई, आमच्या बापजाद्यांचा जल्म मातीच्या भिताडात गेला. दर पावसाळ्यात एक भिताड बसायचं. गावात बाकीच्यांची देवळं पक्की, आन् आमी परत मातीच लावायची व्हय? तुमचा धूर सांगलीत ऱ्हाऊ द्या. आमाला वीट पायजे."

मी वही मिटून पिशवीत टाकली. परतताना एसटीत मला स्वतःचीच लाज वाटत होती. माझ्या आकड्यांत त्यांच्या मानाची जागाच नव्हती.

सर म्हणाले, "मग विटाच घालू. दुसऱ्या कामात बघू."

मी म्हणाले, "एक महिना द्या. त्यांनीच तपासावं आणि त्यांनीच ठरवावं."

एका इंजिनिअरिंग कॉलेजातून हातयंत्र मागून आणलं आणि पुन्हा वस्तीत गेले. काका हसले, पण नाही म्हणाले नाहीत. पहिले ठोकळे मी विहिरीजवळच्या ढिगाऱ्यातल्या मातीचे केले. मला घाई झाली होती. त्या मातीत काळी माती होती, हे मी पाहिलंच नाही. वाळलेला ठोकळा काकांनी बादलीत टाकला आणि सकाळपर्यंत त्याचा लगदा झाला. चार-पाच जण जमले होते. ते एकेक करून घरी निघून गेले, हेच मला लागलं.

काकांच्या बायको तेवढ्या थांबून म्हणाल्या, "टेकाडावरचा मुरूम घ्या की. काळ्या रानातली माती कवा धरती व्हय?"

मुरूम चाळला, सिमेंटचं प्रमाण पुन्हा बसवलं. यंत्राचा दांडा ओढून माझ्या तळहातांना फोड आले. सिमेंट पकडावं म्हणून रोज पाणी मारायचा प्रश्न होताच. प्यायचं पाणीच टँकरनं यायचं. मग ठोकळ्यांवर ओली पोती घालून वर प्लॅस्टिक बांधलं, म्हणजे दिवसाला दोन कळश्यांत भागायचं. तीन आठवडे मी दर तिसऱ्या दिवशी सांगलीहून तिथं जात होते.

महिन्यानं काकांनी स्वतःच दोन बादल्या मांडल्या. एकीत आमचा ठोकळा, दुसरीत भट्टीची वीट. दुसऱ्या दिवशी दोन्ही काढून त्यांनी खांद्याइतक्या उंचीवरून खडकावर टाकले. विटेचे दोन तुकडे झाले. ठोकळ्याचा कोपरा उडाला. त्यांनी ठोकळा उचलला आणि त्याच्या सरळ कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"गिलावा न करता बी चालंल," ते म्हणाले. "पर स्लॅब पायजे. स्लॅबशिवाय पोरं मुंबईस्नं आली तर मला तोंड दाखवता यायचं न्हाई."

"स्लॅब राहील," मी म्हणाले.

जोतं तिथल्याच दगडाचं झालं, भिंती ठोकळ्यांच्या झाल्या. वस्तीतल्या बायकांनी आणि एका गवंड्यानं मिळून ते दाबले. स्लॅबनं मात्र सिमेंट आणि लोखंड भरपूर खाल्लं. तो आकडाही मी वहीत लिहिला. भिंतींत वाचवलेल्या धुरातला बराचसा त्यानं परत घेतला होता. तरी नुसत्या विटांच्या इमारतीपेक्षा बेरीज खूपच कमी आली.

"स्लॅबचं वेगळ्या पानावर लिहू का?" मी सरांना विचारलं.

"त्याच पानावर," ते म्हणाले. "झाकलंस तर पुढच्या वेळी कमी काय करणार?"

उद्घाटनाला मुंबईची मंडळी आली. एकजण भिंतीवर हात ठेवून विचारत होता, ही कुठली वीट? काका म्हणाले, "आमची."

त्यानंतर ऑफिसातल्या प्रत्येक नकाशाला मी धुराचं एक पान जोडू लागले. वाईच्या एका शाळेनं ते वाचून छताचा नकाशा बदलून घेतला. मलकापूरच्या एका बंगलेवाल्यानं न उघडताच परत दिलं. मी त्यालाही पुढच्या भेटीत पुन्हा दिलं.