छोट्या जेडिदायाचा दगड

ईस्ट हॅरो गावात एके काळी इतके जेडिदाया पेल्टन होऊन गेले की रस्त्यात एक हाक मारली तर अर्धी आळी वळून बघत असेल. त्यांचा गुंता सोडवण्यात, कोण कुठला ते शोधण्यात थर्झा पेल्टनचं अर्धं आयुष्य गेलं. नोकरी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तिथे तिला नुसत्या खाकरण्यावरून माणूस ओळखता यायचा. सुटीच्या दिवशी मात्र ती गावकचेरीच्या तळघरात दोनशे वर्षांपूर्वीच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या उघडून, डोळ्यांत तेल घालून बसायची. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "मेलेली माणसं कमी त्रास देतात."

सगळ्या पेल्टनांना एकच अभिमान होता, तो फ्रेंचांशी लढलेल्या कॅप्टन जेडिदायाचा. त्याच्यानंतर नोंदवह्यांत 'जेडिदाया पेल्टन, धाकटा' असं नाव येतं. धाकटा म्हणजे मुलगाच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. थर्झाला ते पटेना. त्या काळचे कारकून गावात एका नावाचे दोघे असले की वयानं मोठा तो थोरला आणि लहान तो धाकटा, असं सरळ लिहून मोकळे व्हायचे. मग तो मुलगा असो, पुतण्या असो की कुणीच नसो. थोरला मेला की धाकट्याला बढती! आणि कॅप्टनच्या मृत्युपत्रात तर मुलाचा उल्लेखच नव्हता.

उत्तर सापडलं दफनभूमीच्या टेकडीवर, काटेरी झुडपात, गुडघाभर उंचीच्या पाटीच्या दगडावर. सोबत तिची चुलतबहीण होती, नाव नेली. लहानपणी उन्हाळाभर दोघी एका पलंगावर झोपायच्या; थर्झाची एकही गोष्ट नेलीपासून लपलेली नव्हती. नेलीनं आरसा धरून ऊन तिरपं पाडलं आणि झिजलेली अक्षरं वर आली: 'जेडिदाया, कॅप्टन जेडिदाया यांचा एकुलता एक मुलगा. वय चार वर्षे दोन महिने.'

"म्हणजे आपण कॅप्टनचे नाहीच?" नेलीनं विचारलं.

"आपण त्याच्या पुतण्याचे. पिंपं बनवायचा आणि दारू पिऊन दोनदा गावच्या खोड्यात पाय अडकवून बसला होता ना, त्या बापड्याचे!" थर्झाला आनंद लपवता येईना. ज्याला कुणी आपलं म्हटलं नव्हतं असा माणूस तिला सापडला होता.

"बाई गं! आमच्या मंडळात सांगू नकोस हं," नेली हसून म्हणाली. लष्करी अधिकाऱ्यांच्या वंशातल्या बायकांच्या मंडळाची ती अध्यक्ष होती. थर्झाही हसली. तिला ती थट्टा वाटली.

पुढे थर्झाचे डोळे अधू झाले, तेव्हा घराण्याचं पुस्तक टाइप करून छापायचं काम नेलीनं आपणहून अंगावर घेतलं. थर्झानं आपल्या टिपणांच्या सगळ्या वह्या दिल्या, दगडाचा एकुलता एक फोटोही दिला. "तुझ्याकडे काय नि माझ्याकडे काय," ती म्हणाली.

वर्षभरानं चर्चच्या दालनात पेल्टनांचा मेळावा भरला. टेबलावर भाजलेल्या घेवड्याची भांडी, शेजारी पुस्तकांची चळत. थर्झानं भिंग लावून पान उघडलं. 'कॅप्टन जेडिदाया. त्यांचे पुत्र जेडिदाया, धाकटे. त्यांच्यापासून आपण सर्व.' पहिल्या पानावर ठळक अक्षरांत: 'थर्झा पेल्टन यांच्या चाळीस वर्षांच्या संशोधनातून. यातला शब्दन् शब्द त्यांचा.'

नुसतं खोटं छापलं असतं तर ती भांडली असती. पण त्या खोट्यावर तिचंच नाव घातलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तिला भर सभेत रडू येऊ लागलं आणि त्याचाही राग आला.

नेलीनं तिला पुढे बोलावलं. टाळ्या वाजल्या.

"हे मी लिहिलेलं नाही," थर्झा म्हणाली. "कॅप्टनचा मुलगा चार वर्षांचा असतानाच गेला. त्याचा दगड आहे टेकडीवर. चला, दाखवते."

काहींनी ताटल्या खाली ठेवल्या, काही हातात घेऊनच निघाले. तीसेक माणसं टेकडी चढली. वर झुडपं छाटलेली होती. जमीन सपाट केलेली आणि त्यावर कोवळं गवत.

"दुसरीकडे असेल, थर्झा आत्या," कुणीतरी मायेनं म्हणालं.

थर्झा गुडघ्यांवर बसली. हातानं माती चाचपली. ती भुसभुशीत होती. ही जागा जिवंत माणसांपैकी फक्त दोघींना ठाऊक होती.

"नेली, तू सांग यांना. आरसा तूच धरला होतास."

नेली वाकली. तिनं थर्झाच्या खांद्यावर अलगद हात ठेवला.

"कुठला आरसा गं, थर्झा?"

उभा जन्म आवाज ओळखण्यात गेलेल्या थर्झानं कान देऊन ऐकलं. त्या आवाजात जराही कंप नव्हता.