बद्द वाजणारा चेंडू

कुठलीही वस्तू हातात आली की लालासाहेब आधी तिचं वजन घेत. कांदा असो, नारळ असो, नाहीतर नातीचं खेळणं असो. तळहातावर दोनदा हलकेच उडवायचं, मान जराशी तिरकी करायची आणि मगच खाली ठेवायचं. तानुबाई, त्यांची बायको, चारचौघींत सांगायची की लग्नाच्या बोलणीला आले तवा मला तेवढं उचलून बघितलं न्हाई, हेच नशीब.

सवयच तशी पडलेली. विट्याजवळच्या आपल्या गावातून ते मिसरूड फुटायच्या आत कोइमतूरला गेले, मामाच्या गलाईच्या दुकानात भट्टीपुढे बसले, ते केस पांढरे झाल्यावर उठले. जुनं सोनं वितळवायचं, त्यातली खोट काढायची, शुद्ध सोनं मालकाच्या हातात द्यायचं. तिथल्याच एका सराफाला एका रविवारी खेळायला जोडीदार मिळेना, म्हणून त्यानं लालासाहेबांना गोल्फच्या मैदानावर नेलं. गेले ते त्या नादाला लागलेच. पुढं दुकान मुलाच्या, इंद्रजितच्या, हवाली करून ते गावी परतले, तेव्हा सामानात एक लांबडी पिशवी होती. गावानं आधी तिच्यात बंदुका आहेत असं ठरवलं. मग लोखंडी दांडे निघाल्यावर, शेटला म्हातारपणी विटीदांडू सुचला म्हणून हसून घेतलं.

त्यापलीकडं गावाला शेटचं फारसं काही नव्हतं. हे लालासाहेबांना हळूहळू कळत गेलं. गावात घर होतं, भावकी होती, देवळाच्या पायरीवर नाव कोरलेलं होतं. पण ते पारावर जाऊन बसले की चाललेलं बोलणं थांबायचं. ज्या भांडणांवर, ज्या सोयरिकींवर गाव बोलत होतं, त्यातलं एकही त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेलं नव्हतं. मग कुणीतरी अदबीनं सरकून जागा द्यायचा आणि विचारायचा, काय शेट, कोइमतूरला पाऊसपाणी कसं काय? पाव्हण्याला विचारतात तसं.

सुभेदार त्यांना ओढ्यावर भेटले. गावच्या माळाच्या टोकाला ओढा आहे, वर्षातले बरेच महिने कोरडा. अलीकडं सांगली जिल्हा, पलीकडं सातारा. लालासाहेब एकटेच माळावर चेंडू मारत होते, त्यातला एक ओढा ओलांडून साताऱ्यात जाऊन पडला. पलीकडच्या बाभळीखालून एक उंच, ताठ म्हातारा बाहेर आला. त्यानं चेंडू उचलला, उलटसुलट करून बघितला आणि परेडच्या आवाजात कळवलं की चेंडू बरा आहे, मारणाऱ्याची पकड ढिली आहे.

हे सुभेदार जोतीराम. पलटणीतून निवृत्त झालेले. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी एका छावणीतलं गोल्फचं मैदान सांभाळलं होतं आणि साहेबांना जोडीदार कमी पडला की खेळलेही होते. निरोपाच्या दिवशी कर्नलसाहेबांनी आपल्या पिशवीतून पाच नंबरचा क्लब काढून त्यांच्या हातात दिला. लोखंडी डोक्याचा, पोलादी दांड्याचा, जड आणि ताठ. सुभेदारांचा सगळा खेळ त्या एका क्लबवर. रोज सकाळी ते त्याला तेलाच्या फडक्यानं पुसत. सुभेदारीणबाई, साळूबाई, म्हणायच्या की आमच्या घरात देवाआधी दांड्याची आंघोळ होती.

तेव्हापासून दर गुरुवारी दोघं ओढ्याच्या दोन काठांवर उभे राहू लागले. दोन्हीकडं एकेक डबा जमिनीत पुरला होता. लालासाहेब सांगलीतून साताऱ्यात मारायचे, सुभेदार साताऱ्यातून सांगलीत. मधे ओरडून बोलणं. सुभेदारांचं अर्धं बोलणं फौजी हिंदीत. 'पोझिशन लेव, नजर निच्चं, कंधा मत हिलाव' असं चाललं की माळावरची मेंढरंसुद्धा थांबून बघायची. खेळून झालं की बाभळीखाली चहाचा थर्मास उघडायचा आणि सुभेदार बर्फातल्या चौक्यांचं सांगायचे, लालासाहेब भट्ट्यांचं. दोघांच्याही गावात या गोष्टी ऐकायला कुणाला सवड नव्हती. लालासाहेबांचा आठवडा गुरुवारी सुरू व्हायचा आणि गुरुवारीच संपायचा.

गेल्या दिवाळीत चेंडू संपत आले. लालासाहेबांनी इंद्रजितला सांगून तिकडच्या मैदानावरचे वापरलेले चेंडू पोतंभर मागवले. तऱ्हेतऱ्हेचे होते. त्यातले चांगले निवडायचं काम त्यांनी आनंदानं अंगावर घेतलं. बादलीत दाट मिठाचं पाणी करून त्यात एकेक चेंडू सोडला, बोटानं फिरवला. जो फिरून फिरून तीच बाजू वर करतो त्याचा गाभा एका अंगाला सरकलेला, म्हणून तो बाद. इथवर सगळं बरोबर होतं. मग उरलेले चेंडू ते घेऊन बसले आणि एकेक करून शहाबादी फरशीवर टाकून ऐकू लागले.

काही चेंडू फरशीवर टण्ण वाजायचे, काही बद्द. चांदीचा रुपया फरशीवर टाकून पारखणाऱ्या मामाच्या हाताखाली शिकलेला माणूस. खणखणीत ते खरं, बद्द ते खोटं, हे त्यांच्या कानात कोवळ्या वयातच बसलेलं. त्यांनी टणक, खणखणीत चेंडू वेगळे काढले आणि त्यातलेही निवडक सुभेदारांना दिले. बद्द वाजणारे तानुबाईनं नेले. कोंबड्यांनी जागेवर बसून अंडी घालावीत म्हणून खुराड्यात एखादं खोटं अंडं ठेवतात. तिला ते त्या कामाला झकास वाटले.

थंडीत सुभेदारांचा चेंडू ओढ्यात पडायला लागला. आधी त्यांनी वाऱ्याला दोष दिला, मग उन्हाला. मग ते दोष द्यायचे थांबले. चेंडूवर क्लब बसला की दांड्यातून झिणझिणी खांद्यापर्यंत जाते, हे ते बोलले नाहीत. फक्त मारून झाल्यावर मूठ उघडमीट करत राहायचे. एका गुरुवारी लागोपाठ सगळे चेंडू ओढ्याच्या वाळूत पडले. सुभेदारांनी क्लब पुसला, खांद्याला लावला आणि पलीकडून सांगितलं,

"शेट, आता बास. हात गेला."

पुढच्या गुरुवारी बाभळीखाली कोणी नव्हतं. त्याच्या पुढच्याही नाही.

लालासाहेब ओढा उतरून त्यांच्या घरी गेले. सुभेदार ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, दाढी वाढलेली. पलटणीत गेल्यापासून त्यांनी एकही सकाळ दाढीशिवाय काढली नव्हती, असं साळूबाईंनी चहा देताना हळूच सांगितलं. क्लबही पुसत नाहीत म्हणाल्या. लालासाहेब बराच वेळ बसले. शेवटी सुभेदारांनीच घसा साफ केला.

"मग," ते म्हणाले, "कोइमतूरला पाऊसपाणी कसं काय?"

लालासाहेबांनी काहीतरी उत्तर दिलं आणि उठले. परत येताना ओढ्याच्या वाळूत त्यांचे पाय उचलत नव्हते. पारावरच्या माणसांनी विचारून विचारून बोथट केलेला प्रश्न होता तो. आज तो सुभेदारांच्या तोंडून आला आणि आरपार गेला.

त्यानंतर ते सवयीनं माळावर जात राहिले. मन नसल्यामुळं चेंडू कुठंही जायचे आणि ज्वारीच्या ताटांत हरवायचे. एक दिवस पिशवी रिकामी निघाली. त्यांनी खुराड्यात हात घालून, कोंबडीच्या शिव्या खात, एक चेंडू काढला. त्याला पीस चिकटलेलं होतं. माळावर जाऊन त्यांनी तो निम्म्या मनानं मारला. क्लबला लागताना आवाजही झाला नाही नीट, बद्द. आणि चेंडू उठला, ओढ्यावरून गेला, डब्याच्याही मागं जाऊन पडला.

लालासाहेब तसेच उभे राहिले. मग घरी गेले, खुराड्यातले सगळे चेंडू घेऊन आले आणि ज्वारीत हरवलेले काही खणखणीतही हुडकून काढले. खणखणीत एक, बद्द एक, असे आलटून पालटून मारत राहिले. बद्द ते पलीकडं जायचे, खणखणीत ते ओढ्यात. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते बांधावर बसले. थकत चाललेल्या हाताला त्यांनी निवडून निवडून दगड दिला होता, तोही फरशीवर ऐकून, प्रेमानं.

ते पुण्याला गेले. गोल्फच्या सामानाच्या दुकानातल्या पोरानं त्यांना अंकल केलं, थंड पाणी दिलं आणि एका दमात समजावलं. "अंकल, साउंडवर कुणी बॉल घेतं का? हात स्लो झाला की बॉल सॉफ्ट हवा, तो दबला पाहिजे. आणि शाफ्ट, म्हणजे दांडा, स्टीलचा असेल तर प्लीज बदला हां, ग्राफाइट घ्या, सीनियर फ्लेक्सचा, एकदम लाइट." त्यानं एक काळा दांडा पुढं केला. लालासाहेबांनी तो तळहातावर तोलला. वजनच नव्हतं. हलकी वस्तू म्हणजे आत कुठंतरी चोरी, या हिशोबावर त्यांचा जन्म गेला होता. टोक धरून वाकवला तर तो लवला आणि सळकन सरळ झाला. त्यांनी तळहाताचं ऐकलं नाही. दांडा बांधून घेतला.

दुसऱ्या दिवशी ते सुभेदारांच्या ओट्यावर गेले आणि सगळं सांगितलं. फरशीचं, आवाजाचं, खुराड्याचं. सुभेदारांनी ऐकून घेतलं. हळूहळू पाठ खुर्चीपासून सुटली, मान वर आली.

"म्हंजे माजा हात ठीक हाय म्हण की."

लालासाहेबांना हो म्हणणं सोपं होतं. ओट्यावर दोघंच होते आणि हो म्हटलं असतं तर सुभेदार त्याच पावली उठले असते. पण हाच प्रश्न त्यांना आयुष्यभर लोकांनी विचारला होता. आईची पाटली पुढं ठेवून, सासूचा गोफ पुढं ठेवून, डोळ्यांत बघून: शुद्ध आहे ना? सोनं वितळवायची बत्ती लावल्यावर खरं काय ते दिसायचंच.

"न्हाई, सुभेदार. खोट हाय. थोडी तुमच्या हातात हाय, आन् बाकीची म्या दिल्याल्या चेंडवात."

घरात साळूबाईंच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"थोडी म्हंजे किती?"

"दांडा बदलावा लागंल, येवढी."

"साहेबाची वस्तू हाय ती."

"डोस्कं तेच ऱ्हाईल. नुस्ता दांडा. पर तुमी म्होरं बसल्याबिगर मी आग लावणार न्हाई. आमच्यात मालक समोर असल्याबिगर बत्ती पेटवत न्हाईत."

लालासाहेब चहा न घेता परतले.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेबांच्या अंगणात सुभेदार उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला क्लब. तानुबाईनं पदर सावरून खुर्ची आणली, पण ते लालासाहेबांनी कोइमतूरहून आणलेल्या गलाईच्या हत्यारांसमोरच्या स्टुलावरच बसले. दुकानात गिऱ्हाईक बसायचं त्या अंतरावर.

गलाईतली एक रीत लालासाहेबांनी कधी मोडली नव्हती. वस्तू वितळत असताना मालकाच्या तोंडाकडं बघायचं नाही. बायका नवऱ्यामागं राहिलेलं मंगळसूत्र घेऊन यायच्या. मुशीतलं सोनं पाणी होताना त्यांचं जे व्हायचं, ते त्यांचं त्यांना एकटीनं भोगू द्यायचं. आजही त्यांनी नजर क्लबवर ठेवली. डोकं आणि दांडा जिथं मिळतात त्या नळीला बत्ती दाखवली. हाताला सोनं लाल होईपर्यंत थांबायची सवय. इथं आतला गोंद मऊ झाला की पुरे. हात पुढं जात होता आणि ते त्याला मागं ओढत होते. उग्र वास आला, बारीक धूर निघाला.

"बास," सुभेदार म्हणाले.

लालासाहेबांनी बत्ती बंद केली, डोकं चिमट्यात धरून पिळलं. पोलादी दांडा सुटून आला. त्यांनी तो निवू दिला, पुसला आणि न बघता पुढं केला. सुभेदारांनी तो मांडीवर आडवा घेतला. दोन्ही टोकं धरून वाकवून बघितला. तो तसूभरही लवला नाही.

"लय कडक व्हता," ते म्हणाले. दांड्याला म्हणाले का साहेबाला, ते लालासाहेबांनी विचारलं नाही.

नवा दांडा गोंद लावून बसवला. सुकायला ठेवून सुभेदार घरी गेले, जाताना जुना दांडा त्याच पंच्यात गुंडाळून.

गुरुवारी लालासाहेब सांगलीच्या काठावर आधीच जाऊन उभे होते. पलीकडं बाभळीखाली सुभेदार आले. खिशातून खुराड्यातला चेंडू काढला, ठेवला, हलका क्लब दोनदा हवेत फिरवला. 'नजर निच्चं' आज कुणी कुणाला म्हटलं नाही. क्लब लागला तो बद्द. चेंडू वर चढला, उन्हात दिसेनासा झाला, आणि लालासाहेबांच्या पायाखालच्या दरडीच्या कडेला आपटला. क्षणभर तिथं टिकला. मग मागं गडगडत ओढ्याच्या वाळूत जाऊन थांबला.

दोघंही बघत होते. सुभेदारांनी क्लब खांद्याला लावला. लालासाहेबांनी डोळे खाली केले. मुशीसमोर करायचे तसे.

वर पाहिलं तेव्हा पलीकडच्या काठावर कोणी नव्हतं. सुभेदार दरड उतरत होते, क्लबचा काठीसारखा आधार घेत, पाऊल चाचपत. वाळूतून चालत ते चेंडूपाशी आले. खाली वाकून दोन खडे बाजूला केले, चिमूटभर माती उडवून वारा पाहिला आणि पाय रोवले.

"शेट," त्यांनी खालून आवाज दिला, "जरा बाजूला सर. अंगावर यील."

लालासाहेब बाजूला सरले.