पळसटेक : निरंक

आमच्या पोस्टाचे डाकबुवा पत्र घेऊन पत्त्यावर कधी जायचेच नाहीत, माणसाकडे जायचे. कोण कोणाच्या शेतात निंदायला गेलंय, कोण बाजारात कुठल्या दुकानापुढे टेकतं, सगळं तोंडपाठ. मी नवा बदलून आलेला बाबू, नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारा. टोकलं की म्हणायचे, "बाबू, चिठ्ठी मानसाची रायते, घराची नाई." आणि पिशवी खांद्याला लावून चालू पडायचे. मी नुसता चरफडत बसायचो.

नाल्यापलीकडची पळसटेक ही अकरा घरांची वस्ती. तिथली फेरी आठवड्यातून एकदा. तेवढं थांबवायचं कशाला, म्हणून बुवा त्या लोकांची पत्रं नाचणगावच्या बाजारात देऊन मोकळे व्हायचे. गोदाबाईचा मुलगा नागपूरला गिरणीत होता. बाईला अक्षरओळख नाही. कांद्याच्या ढिगाशी उभे राहून बुवा पत्र वाचून दाखवायचे, वर पदरचं घालायचे, "पोरगं इचारून राह्यलं, माय अजून भांडते का म्हणून!" बाई लटकी रागवायची आणि तेच पत्र पुन्हा वाचायला लावायची.

पत्रं बाजारात दिली, म्हणून फेरीच्या वहीत ती नाचणगावच्या पानावर चढायची, नावाशिवाय, नुसत्या आकड्यात. पळसटेकच्या पानावर बुवा आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहायचे, 'निरंक'. म्हणजे इथे काही वाटलं नाही. दर आठवड्याला निरंक. त्यात वावगं असं मलाही काही दिसलं नाही.

मग मालगुजारी गेली, गावांवरची जमीनदारी सरकारने मोडली. जो जिथे राहतो ती घराची जागा त्याची होणार, असं ठरलं. जुने मालगुजार म्हणाले, पळसटेक ही तर रिठी, उजाड झालेलं गाव. या झोपड्या आत्ता-आत्ता टाकल्यात. चौकशीला साहेब आले. पुरावा मागितला. अकरा घरांकडे कसला आलाय कागद! आलेली पत्रंही गळक्या छपरांखाली भिजून गेलेली. पण गोदाबाई चावडीत ताठ उभी राहिली. "जयभीम साहेब. आमची डाक येते इथं, सात-आठ सालापासून. डाकबुवाची वही पाहा."

बाई वहीचा दाखला देणार हे आधीच कानावर आलं होतं, म्हणून वही घेऊन आम्ही दोघेही चावडीत हजर होतो. आदल्या दिवशीच मी बुवांना बजावलं होतं, "तोंड उघडू नका. चुकीची नोंद म्हणजे नोकरी जाते." त्यांनी मान हलवली होती.

साहेब म्हणाले, वाचा. मी वाचलं. निरंक. निरंक. पान उलटलं, निरंक. माझं वाचन स्वच्छ, खणखणीत. मेला माझा तो आवाज! गोदाबाई एकदा माझ्याकडे, एकदा बुवांकडे बघत होती.

तेव्हा बुवा उठले. "साहेब, वही खोटी हाये. मी याइची डाक बाजारात वाटत होतो."

साहेब रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मग खोट्या वहीवर विश्वास कसा ठेवू? आणि ती लिहिणाऱ्यावर तरी?"

निकाल मालगुजारांच्या बाजूने लागला. पेरणीआधी पळसटेकवर नांगर फिरला. कोणी पुलगावला गेलं, कोणी गिरडकडे. बुवांची नोकरी गेली. त्यांची पिशवी आणि पट्टा मीच जमा करून घेतला, सहीसुद्धा मीच घेतली.

पुढे बुवा हुडकत हुडकत पुलगावला गेले. गोदाबाईने त्यांना बसवलं, पाणी दिलं. भांडली नाही. निघताना एवढंच म्हणाली, "एक खेप तरी आमचं नाव लिवाचं होतं, बुवा."

हे सांगायला ते पोस्टात आले. खिडकीबाहेर उभे राहिले, आत काही आले नाहीत. "खरं सांगजो बाबू, माह्यानं गाव गेलं का?"

"नाही हो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मग उन्हात चालू पडले, आणि पुन्हा कधी आमच्या पोस्टाकडे फिरकले नाहीत.