सरांच्या दहाव्याला हिराबाई बोलली

कापूरहोळला एसटीची वाट बघत उभा होतो, तेव्हा मोबाईलवर कळलं, मळेकर सर गेले. झोपेतच. खरं सांगतो, मनात पहिली आली ती धास्ती. आता वस्तीच्या रस्त्यासाठी कोण बोलणार?

सर आणि मी भोरच्या कॉलेजात एकाच स्टाफरूममध्ये म्हातारे झालो. ते इतिहास शिकवायचे, आणि जीव अडकलेला कुठं, तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत! गुलामीविरुद्धच्या सभा, भाषणं, तिथलं गटातटाचं राजकारण... असं रंगवायचे, की पोरांना वाटावं हे सगळं आपल्या चावडीवरच घडलंय. एका गोष्टीला मात्र त्यांचा आवाज चढायचा. तिथले गुलामीविरोधी पुढारी गुलामीतून पळून आलेल्या माणसाला सभेत उभं करायचे आणि वर त्यालाच बजावायचे, तू फक्त सोसलेलं सांग, त्याचा अर्थ आम्ही सांगतो. "अरे, अर्थ काय तुमच्या बापाचा?" सर कडाडायचे.

आणि हाच माणूस आमच्या विंझर गावाच्या वर, डोंगरातल्या धनगरवस्तीसाठी वर्षानुवर्षं ग्रामसभेत स्वतःच बोलायचा! वस्तीची माणसं मागं भिंतीला टेकून बसायची, सर रस्ता मागायचे, टाळ्या पडायच्या, आणि रस्ता कागदावरच. मी एकदा चिडवलं, "सर, अर्थ तुम्हीच सांगताय की." ते म्हणाले, "खरंय रे... पण मी गप्प बसलो आणि कुणीच उठलं नाही तर?" ही भीती त्यांना शेवटपर्यंत छळत होती.

आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं होतात. कावळा शिवून जातो, तरी हातातला माईक सुटत नाही. माना खाली घालून ऐकायचं, प्रश्न विचारायची रीत नाही. सरांच्या दहाव्यालाही एक पुढारी गहिवरून म्हणाला, "वस्तीचा रस्ता हे सरांचं स्वप्न होतं. ते आम्ही पूर्ण करू."

तेवढ्यात बायकांतून वस्तीवरची हिराबाई उठली. तिची आजारी सासू झोळीतून खाली दवाखान्यात आणताना वाटेतच गेली, हे सर दर सभेत सांगायचे. हिराबाईनं स्वतः कधी तोंड उघडलं नव्हतं.

"सपान न्हाई, सायेब, गरज हाय आमची. कवा करताय, त्ये सांगा."

"ताई, आज दहावा आहे..."

"व्हय. आज समदे हितंच हायेत, म्हून तर इचारतीय."

मागं वस्तीची माणसं एकेक करून उभी राहिली. पुढाऱ्यानं माईक खाली ठेवला. मला रडू फुटलं, आणि ते सुटकेचं होतं.

परवाच्या ग्रामसभेत हिराबाई पुन्हा बोलली, चांगली तावातावानं. रस्ता अजून व्हायचाय. पण ती बोलत होती तोवर मला सरांची आठवण एकदाही आली नाही... आणि त्याचंच फार बरं वाटलं.