एकवीस दिवस आधी

पहाटेच्या गारठ्यात पळणारा माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो. नाशिकला आमच्या घरामागून कालव्याचा रस्ता जातो; तिथल्या मुरमावर पडणारी हलकी, एकसारखी पावलं ऐकण्याच्या नादात मी कितीदा चहा गार करून घेतला असेल! पळणारा माझा मामेभाऊ योगेश. मामांची द्राक्षबाग पिंपळगावजवळ. सरावासाठी तो आमच्याकडे राहायला आलेला. दहा हजार मीटर हे त्याचं अंतर. माणूस इतकं का पळतो, याचं मला अपार कुतूहल, आणि स्वभाव तर पहिल्यापासून चौकस! विचारलं की तो नुसता हसायचा.

राष्ट्रीय स्पर्धेत तो लागोपाठ दोन वर्षं चौथा आला. चौथं येणं किती विचित्र असतं, नाही? सगळ्यांची नावं पुकारून होतात आणि आपण नुसते घाम पुसत उभे. तिसऱ्या वर्षी मात्र तो पहिला आला. शर्यत संपताच नियमाप्रमाणे त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला, तोही त्याने अगदी निर्धास्तपणे दिला. गावात फटाके वाजले, मामांनी बागेतल्या सगळ्या मजुरांना जेवू घातलं. मग महिन्याभराने पत्र आलं: नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं होतं. पदक परत, आणि चार वर्षं कुठल्याही शर्यतीत उतरायचं नाही.

मला राग यायला हवा होता. त्याआधी प्रश्नच पडला. त्या औषधाच्या सुया टोचून घेऊनही हा नमुना देताना इतका निर्धास्त कसा? उत्तर बागेत होतं. मणी फुगावा म्हणून घड औषधात बुडवायचे, रोग पडू नये म्हणून फवारायचं, आणि काढणीच्या ठरावीक दिवस आधी सारं थांबवायचं, म्हणजे परदेशी जाणाऱ्या मालाच्या तपासणीत औषधाचा अंश निघत नाही. हे ज्या घरात मुलं पाढ्यांबरोबर शिकतात, त्या घरातल्या मुलाने स्वतःच्या देहालाही तोच नियम लावला होता. शर्यतीआधी दिवस मोजून सुया बंद केल्या आणि आपण निर्मळ झालो असं धरून चालला. किती भाबडी ही लबाडी! मला हसू आलं आणि त्या हसण्याची फार लाज वाटली.

मामा त्याला मारतील या धास्तीने मी पत्राच्या दिवशीच पिंपळगावला गेले. मामा ओट्यावर बसले होते, योगेश खांबाला टेकून उभा. मामांनी विचारलं, “किती दिवस आधी बंद केलं व्हतं?”

“एकवीस.”

“द्राक्षाला पुरलं असतं,” मामा म्हणाले, आणि तोंड फिरवून रडू लागले.

योगेश पळायचा थांबला नाही. बंदीच्या तिसऱ्या वर्षी एका सकाळी आमच्या कालव्याच्या रस्त्यावर त्याने माझ्या हातात घड्याळ दिलं. सुयांच्या आधीची, याच रस्त्यावरची त्याची सर्वांत चांगली वेळ त्याच्या वहीत लिहिलेली होती. आपण खरे किती वेगाचे, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. दुसरं काही उरलंच नव्हतं. तो पळाला. मी बटण दाबलं आणि आकडा पाहून अक्षरशः उडी मारली. वहीतल्या वेळेपेक्षा अकरा सेकंद कमी! म्हणजे सुयांविना नुसती वाट पाहिली असती तरी तो या वेगाला पोचलाच असता, असं मी धापा टाकणाऱ्या त्याला सांगू लागले.

तो मुरमावर बसला. माझ्या हातातलं घड्याळ त्याने स्वतःकडे घेतलं.

“ताई, ह्यातलं माझं किती गं, अन् त्या सुयांचं किती?”

इतकी वर्षं मी त्याला नाना प्रश्न विचारले. त्याने मला विचारलेला हा एकच, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.