झटकलेलं पीठ

परदेशातल्या या वेरिबीत तेव्हा शिकायला आलेले आम्ही भारतीय विद्यार्थी इतके झालो होतो, की दुकानाच्या काचेवर ‘माणूस हवा’ चिकटवायचा अवकाश, आत आपल्यातलं कोणीतरी आधीच उभं. निम्मं सेमिस्टर सरलं तरी मला काम मिळेना. या महिन्यात नाही जमलं तर परत येते, असं आईला फोनवर सांगूनही टाकलं होतं. तेवढ्यात एका बेकरीने ट्रायलला बोलावलं. मालक इंग्लंडहून आलेला म्हातारा, मोजकं बोलणारा.

त्याच्याकडे बॅप व्हायचे. आपल्या पावासारखेच, पण मोठे, गोल आणि मऊ; मधून कापून सँडविच करायचं. ‘गार झाले की पिशव्यांत भर,’ म्हणून तो मागे गेला. मी बघते तर प्रत्येकावर पांढरं पीठ! आमच्या घरी पोळीवर पिठी राहिली तर ताटावरच उद्धार व्हायचा. म्हटलं, वयामुळे दिसत नसेल बिचाऱ्याला. स्वच्छ फडक्याने एकेक बॅप पुसून लख्ख केला आणि पोळीला तूप लावतात तसा वरून बटरचा हातही फिरवला. अंगात हौस दांडगी ना!

तो आला आणि ट्रेकडे बघतच राहिला. पीठ मुद्दाम लावलेलं असतं, भट्टीत जायच्या आधी. आता पुन्हा लावलं तर कच्चं लागेल. हे त्याने शांतपणे सांगितलं. मी एप्रन सोडायला लागले.

‘राहू दे तो,’ म्हणाला आणि ट्रे घेऊन काउंटरवर गेला.

अर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, त्याची नेहमीची गिऱ्हाइकं आली, बहुतेक त्याच्याच देशातली. पहिल्याच आजींनी नाक मुरडलं. मी आतून कान देऊन ऐकत होते. तो म्हणाला, ‘आज पीठ लावायचं मीच विसरलो. वय झालं आता.’ पुढच्यालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. एकाने त्याची यथेच्छ टिंगल केली, तर हाही हसला. उभा जन्म बॅप करण्यात गेलेला माणूस. आपल्या बॅपना कोणी नावं ठेवलेली त्याला अजिबात खपत नसत, हे मला पुढे कळलं.

दुकान रिकामं झाल्यावर तो आत आला. ‘उद्या सकाळी ये,’ एवढंच म्हणाला. मला रडूच कोसळलं.

आज माझं घर, माझी मुलं, सगळं इथेच आहे. त्या दिवशी तो खरं बोलला असता, तर यातलं काहीच नसतं.