संघप्रियाच्या दोन वेण्या

दीपालीने लेकीच्या केसांचे तीन पेड पुन्हा हातात घेतले आणि तिसरा पुन्हा निसटला. संघप्रिया मान ताठ ठेवून बसली होती. शाळेत दोन वेण्या लागतात. काल ती नुसतं रबर लावून गेली, म्हणून बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

रोज वेण्या घालून देणाऱ्या शेजारच्या मनकर्णाबाई जिवती गावी लेकीकडे गेल्या होत्या. "बी.ए. झाली, अन् वेणी येत नाई," असं दीपालीला म्हणतच त्या घालून द्यायच्या. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी दीपालीच्या या त्रासाला डिस्प्रॅक्सिया म्हणतात असं सांगितलं होतं. डोक्यात असलेलं हातांना जमत नाही, जन्मापासूनच. घरच्यांनी मान डोलावली होती, आणि चहा सांडला की तिला अजूनही वेंधळीच म्हणत होते.

नवरा, अश्विन, अंगणात बाज विणत होता. दीपालीने कंगवा त्याच्यापुढे धरला.

"आज तुमी घाला."

"मी? हे का बापाचं काम हाय?"

"बाज विणता नं? मंग हे काऊन नाई जमणार?"

"लोक हासतीन."

"आतापावतर मलेच हासत होते."

"बाबा, उशीर होऊन राह्यला," संघप्रिया म्हणाली.

अश्विनने हात पुसले. पहिली वेणी त्याने दोरीसारखी एवढी आवळली की पोरीच्या भुवया वर चढल्या.

"हे रोज करा लागते का?" त्याने विचारलं.

"रोज," दीपाली म्हणाली आणि भिंतीला टेकून तिने डोळे मिटले. डबा अजून भरायचाच होता.